जमिनीखालचा पावसाळा : कुलाबा, कोयना आणि भातसा

१/
जुलै उजाडला की मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीत एक बातमी रोज न चुकता वाचली जाते : तलावांत पाणी किती जमले? पाणीकपात टळणार की नाही, हे त्या आकड्यावर ठरते. मात्र जलाशय भरत असताना त्याच्या तळाखालच्या खडकातही बदल होत असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत; भूकंपलेखकाला मात्र जाणवतात. जमिनीखालच्या या पावसाळ्याचा शोध कसा लागला, त्याचा हा इतिहास.

२/
आरंभ उपनगरांपासून दूर, मुंबई बेटाच्या दक्षिण टोकाला होतो. कुलाबा वेधशाळेची स्थापना १८२६ सालची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे मिल्न पद्धतीचा भूकंपलेखक बसवण्यात आला. इंग्लंडच्या जॉन मिल्न यांनी जगभर अशी यंत्रे बसवून दूरदूरच्या भूकंपांच्या नोंदी एकत्र करण्याचा प्रयत्न चालवला होता. कुलाब्याचे यंत्र त्या जाळ्याचा एक भाग होते.

३/
वेधशाळेचे संचालक तेव्हा नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस हे होते. हे पद भूषवणारे ते पहिले भारतीय. मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्या, तेव्हा विद्युतप्रवाहामुळे चुंबकीय नोंदी बिघडणार हे ओळखून चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवण्यात आली. १९०४ पासून तेथे काम सुरू झाले. मुंबईत विजेची ट्राम धावली ती १९०७ मध्ये. शहराची गडबड आणि निसर्गाची नोंद यांच्यातील हा झगडा पुढेही या कथेत येत राहतो.

४/
भूकंपलेखकाची अडचण वेगळी होती. कुठेही भूकंप झालेला नसताना त्याची रेघ थरथरत राही. काही सेकंदांच्या आवर्तनाची, दिवसेंदिवस चालणारी ही बारीक थरथर म्हणजे सूक्ष्मकंप. युरोपातील अभ्यासकांना ती एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होती. भूकंपाच्या अभ्यासकाला ती नकोशी वाटे, कारण दूरच्या भूकंपाच्या क्षीण लाटा तिच्यात बुडून जात.

५/
कुलाब्यात या थरथरीकडे लक्ष वेधले ते सुधांशु कुमार बॅनर्जी यांनी. मूळचे गणितज्ञ असलेले बॅनर्जी कलकत्ता विद्यापीठातून मुंबईच्या वेधशाळेचे संचालक म्हणून आले होते. मान्सून जोरात असताना आणि समुद्रात वादळ असताना सूक्ष्मकंप वाढतात, हे त्यांनी नोंदींवरून दाखवले. भारतीय समुद्रांतील बिघडलेले हवामान आणि सूक्ष्मकंप यांच्या नात्यावरचा त्यांचा प्रबंध १९३० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला.

६/
त्या काळी प्रचलित असलेली एक समजूत अशी होती की किनाऱ्यावर आदळणाऱ्या लाटांमुळे जमीन थरथरते. बॅनर्जी यांनी भर समुद्रातील लाटांच्या दाबाकडे लक्ष वेधले. तो दाब समुद्रतळापर्यंत नेमका कसा पोहोचतो, याचे समाधानकारक गणित पुढे १९५० मध्ये ब्रिटिश गणितज्ञ मायकेल लाँग्वे-हिगिन्स यांनी मांडले. विरुद्ध दिशांनी येणाऱ्या लाटा एकमेकींना भिडल्या की त्यांचा परिणाम खोलवर जातो, असा त्याचा आशय होता.

७/
बॅनर्जी १९४४ मध्ये भारतीय हवामान खात्याचे पहिले भारतीय महासंचालक झाले. भूकंपलेखकाच्या दृष्टीने जो केवळ अडथळा होता, त्यात ऋतूची नोंद दडलेली आहे, हे कुलाब्याच्या त्या कामाने दाखवून दिले. पण ती नोंद समुद्रावरच्या पावसाळ्याची होती. पाऊस जमिनीत शिरल्यावर काय होते, हा प्रश्न अद्याप कोणी विचारलेला नव्हता.

८/
तो प्रश्न सातारा जिल्ह्यात उभा राहिला. कोयना नदीवर १०३ मीटर उंचीचे धरण बांधण्यात आले आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी शिवाजीसागर जलाशयात पाणी साठू लागले. पाठोपाठ परिसरात लहान लहान हादरे जाणवू लागले. दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर आहे, असा तेव्हाचा समज होता. हादरे सुरू झाल्यानंतर खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने या भागात भूकंपमापन केंद्रे उभारली.

९/
१३ सप्टेंबर १९६७ रोजी रिश्टर मापनावर ५ हून मोठा भूकंप झाला. पावसाळा सरला, पण जलाशयाची पातळी दीर्घकाळ उंच राहिली. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले. सुमारे १८० ते २०० माणसे दगावली. धरणाच्या भिंतीला भेगा पडल्या. पुढे मागच्या बाजूने काँक्रीटचा आधार देऊन ती मजबूत करावी लागली.

१०/
भूकंपाच्या लाटांना कोयनेपासून मुंबईपर्यंतचे सुमारे २०० किलोमीटर अंतर कापायला अर्धे-पाऊण मिनिट पुरते. त्या पहाटे मुंबईकरांना हादरा जाणवला आणि वीजपुरवठाही खंडित झाला, कारण कोयनेची वीज मुंबईकडे येत होती. कोयनेच्या डोंगरात जे घडले, त्याची झळ महानगराला अशी दोन वाटांनी पोहोचली.

११/
पाण्यामुळे भूकंप होऊ शकतो का? प्रश्न अगदीच नवा नव्हता. अमेरिकेत हूवर धरणामागचा मीड जलाशय १९३० च्या दशकात भरला, तेव्हा तेथे हादरे नोंदले गेले होते. १९६० च्या दशकात चीनमधील शिनफेंगजियांग, आफ्रिकेतील करिबा आणि ग्रीसमधील क्रेमास्ता या जलाशयांजवळ मोठे भूकंप झाले. कोयनेचा भूकंप या सर्वांहून मोठा ठरला.

१२/
कारणाचे दोन भाग आहेत. पहिला भाग वजनाचा. पाणी साठले की खालच्या खडकावरचा भार लगेच वाढतो. दुसरा भाग झिरपण्याचा. पाणी भेगांतून खोल उतरते आणि तेथे आधीपासून असलेल्या पाण्याचा दाब वाढवते. याला रंध्रदाब म्हणतात. भ्रंशाच्या दोन्ही बाजू घर्षणाने एकमेकींना धरून असतात. रंध्रदाब वाढला की ही पकड सैल होते. या दुसऱ्या परिणामाला वेळ लागतो. म्हणून काही हादरे जलाशय भरताना, तर काही महिन्यांनंतर होतात.

१३/
पाणी भूकंपाची शक्ती निर्माण करत नाही, हे येथे लक्षात घ्यायला हवे. ती शक्ती खडकात हजारो वर्षे साचलेल्या ताणाची असते. भ्रंश मुळातच घसरण्याच्या बेताला आलेला असेल, तर पाणी निमित्त होते. त्यामुळेच जगातील बहुसंख्य धरणांखाली असे काही घडत नाही, आणि नेमक्या कोणत्या धरणाखाली घडेल हे आधी सांगणे अवघड जाते.

१४/
हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील हर्ष गुप्ता यांनी कोयनेच्या नोंदींचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. बी. के. रस्तोगी यांच्यासह त्यांनी लिहिलेले ‘डॅम्स अँड अर्थक्वेक्स’ हे पुस्तक १९७६ मध्ये आले. जलाशयाची पातळी आणि भूकंपांच्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या की एक वार्षिक चाल दिसते. पावसाळ्यात पातळी चढते, सप्टेंबरच्या सुमारास हादरे वाढतात, आणि डिसेंबरच्या आसपास पुन्हा एक चढ येतो.

१५/
गुप्तांनी आणखी एक बाब टिपली. कोयनेत पातळी आठवड्याला सुमारे १२ मीटर वा त्याहून अधिक वेगाने चढली, तर ५ हून मोठ्या भूकंपाची शक्यता निर्माण होते. ही अट आवश्यक असली तरी पुरेशी नव्हे. वेग वाढला म्हणून दरवेळी भूकंप होतोच असे नाही. तरीही तिच्यामुळे ‘जलाशय किती भरला’ याच्या बरोबरीने ‘तो किती वेगाने भरला’ हा प्रश्नही महत्त्वाचा ठरला.

१६/
तरी एक शंका वर्षानुवर्षे उरली. धरणापूर्वी तेथे हादरे होत नव्हते, हे कशावरून? जलाशय भरण्याआधी कोयनेजवळ एकही यंत्र नव्हते. लोकांच्या आठवणी होत्या, पण छोटे हादरे माणसाला जाणवतही नाहीत. आधीची नोंद नसल्याने नंतरच्या नोंदींचा अर्थ लावताना वाद रेंगाळला. ही उणीव नंतर कोणत्याही यंत्राने भरून काढता येत नाही, कारण गेलेला काळ पुन्हा मोजता येत नाही.

१७/
आता उपनगरांच्या नळाकडे. मुंबईला पाणी देणारे तलाव सात : विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि मध्य वैतरणा. पैकी विहार १८६० चा आणि तुळशी १८७९ चा. हे दोन तलाव बोरिवली आणि मुलुंड यांच्या मधल्या जंगलात, उपनगरांच्या अगदी कुशीत आहेत. बाकीचे ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांच्या डोंगराळ पट्ट्यात आहेत.

१८/
सातही तलावांची मिळून साठवणक्षमता सुमारे १४.४७ लाख दशलक्ष लिटर आहे. त्यांतील ७.१७ लाख दशलक्ष लिटर, म्हणजे जवळजवळ निम्मा साठा, एकट्या भातसाचा. विहारच्या तुलनेत तो सुमारे २६ पट भरतो. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो धरले, तर भरलेल्या भातसाखालचा खडक ७१ कोटी टनांहून अधिक भार उचलतो. उन्हाळा संपेपर्यंत त्यातील बराचसा भार उतरतो आणि पावसाळ्यात पुन्हा चढतो.

१९/
भातसा धरण शहापूर तालुक्यात, मुलुंडपासून सरळ रेषेत सुमारे ६० किलोमीटरवर आहे. १९८३ साली तेथे हादरे सुरू झाले. पावसाळ्यात जलाशय भरत गेला, तशी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यांची संख्या वाढली. १५ सप्टेंबर १९८३ रोजी सुमारे ४.९ तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनेला सोळा वर्षे झाली होती. पावसाळ्याच्या अखेरीचा तोच काळ आणि तोच दख्खनचा काळा पाषाण.

२०/
या वेळी अभ्यासकांना काय शोधायचे ते ठाऊक होते. जवळजवळ ठेवलेल्या यंत्रांनी हादऱ्याची जागा काढता येते. भूकंपाची वेगवान लाट आधी पोहोचते, संथ लाट मागून. दोहोंमधील अंतर ५ सेकंदांचे असेल, तर भूकंप सुमारे ४० किलोमीटरवर झालेला असतो. तीन-चार ठिकाणांहून असे अंतर मोजले की जागा निश्चित होते. रस्तोगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भातसाचा अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध केला आणि हे भूकंप जलाशयाशी जोडले.

२१/
शहापूर परिसरासाठी हा विषय शास्त्रीय कुतूहलापुरता नव्हता. ४.९ चा उथळ हादरा उंच इमारतीत क्षणभर जाणवून विरून जाईल. मातीच्या भिंतीला मात्र तो तडे देऊ शकतो. भातसाचे पाणी नदीतून पिसे बंधाऱ्यापर्यंत येते, तेथून उपसून पांजरापूरला शुद्ध होते आणि मोठ्या जलवाहिन्यांनी मुंबईत पोहोचते. पाणी एका तालुक्यातून दुसऱ्या जिल्ह्यात नेता येते. हादरा मात्र जेथे उगम पावतो तेथल्याच माणसांच्या वाट्याला सर्वांत आधी आणि सर्वांत जोराने येतो.

२२/
जलाशय नसतानाही पावसाळा जमिनीत असे काही घडवू शकतो का? दक्षिण जर्मनीतील होखस्टाउफेन या डोंगराखाली पावसानंतर लहान भूकंप वाढतात, हे २००६ मध्ये दाखवण्यात आले. नेपाळच्या हिमालयात पावसाळ्यापेक्षा हिवाळ्यात लहान भूकंप अधिक होतात; गंगेच्या मैदानावर साचणारे आणि ओसरणारे पाणी त्यामागे असल्याचे प्रतिपादन झाले.

२३/
बोरिवलीपासून सुमारे ९० किलोमीटर उत्तरेला, डहाणू-तलासरी पट्ट्यात नोव्हेंबर २०१८ पासून हादऱ्यांची मालिका सुरू झाली. धुंदलवाडीचे नाव घरोघरी पोहोचले. अनेक कुटुंबांनी कडाक्याच्या थंडीत घराबाहेर रात्री काढल्या. येथेही पावसाचे मुरलेले पाणी कारणीभूत असावे, असे मत काही अभ्यासकांनी मांडले. भीती एकच असली तरी कोयना, भातसा आणि डहाणू यांचे उत्तर एकच असेल असे नाही. प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र नोंद लागते.

२४/
कोयनेत शोध आता खडकाच्या आत गेला आहे. केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने कराड येथे बोअरहोल भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली. २०१७ पर्यंत गोठणे येथे सुमारे ३ किलोमीटर खोल प्रायोगिक बोअर खणून झाली. वरचा सुमारे १ किलोमीटर जाडीचा काळा पाषाण ओलांडल्यावर थेट ग्रॅनाइटसारखा प्राचीन पायाखडक लागतो. कोयनेचे भूकंप या पायाखडकात, बहुतांशी १० किलोमीटरपेक्षा कमी खोलीवर होतात.

२५/
दरम्यान कुलाब्याच्या त्या नकोशा थरथरीला नवे महत्त्व आले. दोन ठिकाणचे सूक्ष्मकंप दीर्घकाळ नोंदवून त्यांची तुलना केली, की त्या दोन जागांमधल्या खडकातून लाट किती वेगाने जाते ते काढता येते. त्यासाठी भूकंपाची वाट पाहावी लागत नाही. २००६ मध्ये इंडोनेशियातील मेरापी ज्वालामुखीवर या पद्धतीने लाटांच्या वेगात ऋतूनुसार होणारे बदल दिसले. भूजल वाढले की वेग किंचित घटतो, भूजल उतरले की तो पुन्हा वाढतो.

२६/
बदल अगदी सूक्ष्म असतो. सहसा शंभरात एकाच्या आतबाहेर. पण तो रोज मोजता येतो. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन गॅब्रिएल खोऱ्यातील भूजलाचे चढउतार याच रीतीने टिपण्यात आले. २०१९ मध्ये तर रेल्वेगाड्यांच्या कंपनांचा उपयोग करून भ्रंशावर नजर ठेवता येईल, असे संशोधन पुढे आले. ज्या शहरी गडबडीमुळे मूस यांच्या काळी यंत्रे अलिबागला न्यावी लागली, तीच गडबड आता मोजणीचे साधन होऊ शकते.

२७/
मुंबईची उपनगरे या दृष्टीने विलक्षण आहेत. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे पाषाणस्तंभ पाहिले, की लाव्हा थंड होताना पडलेल्या उभ्या भेगा सहज दिसतात. जमिनीखालच्या पाषाणातही अशा सांधी-भेगांतूनच पाणी मुरते. चार महिने धो धो पाऊस, आठ महिने जवळजवळ कोरडे, आणि अंधेरी-बोरिवली, घाटकोपर-मुलुंड या दोन्ही मार्गांवर पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत धावणाऱ्या लोकल. ऋतूचा फरक आणि कंपनांचा स्रोत, दोन्ही येथे हाताशी आहेत.

२८/
या इतिहासातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. ऋतूची चाल एका वर्षाच्या नोंदीतून दिसत नाही. अनेक पावसाळे आणि अनेक उन्हाळे सलग मोजावे लागतात. आणि मोजणी पाणी साठण्याच्या आधी सुरू व्हावी लागते. कोयनेत ती नंतर सुरू झाली आणि त्याची किंमत अनेक दशकांच्या वादाने मोजावी लागली. हादरे थांबल्यावर यंत्रे उचलून नेली, तर पुढच्या प्रश्नाचे उत्तरही त्यांच्याबरोबर जाते.

२९/
मुंबईची तहान भागवण्यासाठी पालघर जिल्ह्यातील गारगाई आणि पिंजाळ नद्यांवर नवी धरणे उभारण्याच्या योजना आखल्या गेल्या आहेत. त्या खोऱ्यांतील गावांना उद्या हादरे बसतील, असे कोणीही म्हणू शकत नाही. बसणार नाहीत अशी हमीही देता येत नाही. पण तेथे काही घडलेच, तर ‘हे आधीपासूनच होते का?’ या गावकऱ्यांच्या प्रश्नाला उत्तर देणारी नोंद हाती असावी. त्यासाठी लागणारी यंत्रे धरणाच्या खर्चाच्या मानाने किरकोळ आहेत, आणि ती बसवण्याची योग्य वेळ पाणी अडवण्याच्या आधीची आहे.